आरंभ आणि कर्ता : लमेत्रने खोडलेला परिच्छेद



मागच्या वर्षी याच व्याख्यानमालेत मी विश्वाच्या प्रसरणावर बोललो होतो. व्याख्यान संपलं, कार्यकर्ते खुर्च्या उचलायला लागले, आणि एक निवृत्त शिक्षक मला येऊन भेटले. म्हणाले, "सर, एक घरगुती प्रश्न विचारू का?" मी म्हटलं, विचारा. तर म्हणाले, "माझा मुलगा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, बाबा, महास्फोट सिद्ध झाला, आता देवाची गरज संपली. मी म्हणतो, अरे, महास्फोट झाला म्हणजे विश्वाला सुरुवात आहे, आणि सुरुवात आहे म्हणजे ती करणारा कुणीतरी आहे. यावरून इतकं वाजलं की दिवाळीला आला तरी धड बोलला नाही. तुम्ही सांगा, बरोबर कोण?"

मला शेवटची एसटी गाठायची होती, म्हणून मी काहीतरी गुळमुळीत बोलून निघालो. एसटीचं कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. खरं कारण असं की मला त्यांना देण्यासारखं उत्तर सुचलं नव्हतं. बाप आणि मुलगा एकाच सिद्धांतावर उभे राहून दोन उलट निष्कर्ष काढतात, हे कसं? आजचं व्याख्यान म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न समजा.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी विज्ञानाच्या इतिहासाचा विद्यार्थी आहे. विश्वाला कर्ता आहे की नाही, याचा निकाल द्यायला मी इथे उभा नाही. हा वाद प्रत्यक्षात कसा झाला, कोण कुठल्या बाजूला होतं आणि का, एवढं मी सांगू शकतो. माझा अनुभव असा की ते नीट पाहिलं की प्रश्नच वेगळा दिसायला लागतो.

सुरुवात एका धर्मगुरूपासून करू. जॉर्ज लमेत्र. जन्म 1894, बेल्जियममधल्या शार्लरुआ गावी. पहिल्या महायुद्धात हा तरुण तोफखान्यात लढला, शौर्यपदक मिळवून परत आला. नंतर एकीकडे गणित आणि दुसरीकडे धर्मशिक्षण अशा दोन वाटा त्याने एकदम धरल्या. 1923 साली तो कॅथलिक पाद्री झाला, आणि त्याच वर्षी केंब्रिजला आर्थर एडिंग्टन यांच्याकडे खगोलशास्त्र शिकायला गेला. तिथून अमेरिका, मग परत बेल्जियममध्ये लूव्हाँ विद्यापीठात अध्यापक.

1927 मध्ये त्याने एक निबंध लिहिला. फ्रेंचमध्ये, ब्रुसेल्सच्या एका संशोधनपत्रिकेत, जी बाहेर फारशी कुणी वाचत नसे. त्यात म्हटलं होतं की आइनस्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताची समीकरणं नीट सोडवली तर विश्व स्थिर राहत नाही, ते प्रसरण पावतं. आणि दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब पळताना दिसतात त्याचं कारण हेच. रशियात अलेक्झांडर फ्रीडमन यांनी 1922 सालीच तसं गणित मांडलं होतं, पण लमेत्रला ते ठाऊक नव्हतं. आणि त्या गणिताला निरीक्षणांची जोड दिली ती लमेत्रने. एडविन हबल यांचा प्रसिद्ध निबंध आला 1929 मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. म्हणूनच 2018 साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ठराव करून त्या नियमाला 'हबल-लमेत्र नियम' म्हणावं अशी शिफारस केली.

1927 च्याच ऑक्टोबरात ब्रुसेल्सला सॉल्व्हे परिषद होती. तिथे लमेत्रची आइनस्टाइनशी गाठ पडली. गणित बरोबर आहे पण भौतिकशास्त्र म्हणून हे अजिबात पटण्यासारखं नाही, असा आइनस्टाइनचा अभिप्राय पडल्याचं लमेत्रने पुढे सांगून ठेवलं आहे. आइनस्टाइनला विश्व स्थिर हवं होतं. त्यासाठी 1917 मध्येच त्यांनी आपल्या समीकरणात एक जादा पद घालून ठेवलं होतं.

आता लक्ष द्या. विश्व प्रसरण पावतंय म्हणजे काल ते आजच्यापेक्षा लहान होतं, परवा आणखी लहान. असं मागे मागे जात राहिलं तर काय? कुठेतरी आरंभ येतो. आणि हा आरंभ कुणालाच नको होता. एडिंग्टननी 1931 च्या सुरुवातीला स्पष्ट सांगितलं की निसर्गाच्या आजच्या व्यवस्थेला एक आरंभ होता, ही कल्पना आपल्याला रुचत नाही. हे एडिंग्टन कोण? नास्तिक? नाही हो. ते क्वेकर पंथाचे, मनापासून श्रद्धाळू गृहस्थ. म्हणजे श्रद्धाळू माणसालाही आरंभ नकोसा वाटू शकतो. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

लमेत्रने आपल्या गुरूंना उत्तर दिलं. 9 मे 1931 च्या 'नेचर' साप्ताहिकात त्याचं एक छोटंसं पत्र छापून आलं. पानभरसुद्धा नाही. त्यात कल्पना अशी की सगळं विश्व एका आद्य पुंजात सामावलेलं होतं. तो फुटत गेला, आणि फुटल्यानंतरच अवकाश आणि काळ या शब्दांना अर्थ आला. आज आपण ज्याला महास्फोट म्हणतो, त्याचं हे पहिलं रूप.

आणि इथे ती गोष्ट येते जिच्यासाठी मी हे सगळं सांगतोय. त्या पत्राचा टंकलिखित मसुदा उपलब्ध आहे. त्यात शेवटी एक परिच्छेद आहे, जो छापील पत्रात नाही. त्याचा आशय असा : जो परमेश्वर मानतो तो हेही मानतो की परमेश्वर स्वभावतःच गुप्त आहे, आणि आजचं भौतिकशास्त्र त्या सृष्टिकार्यावर कसा पडदा धरतं हे पाहून त्याला समाधानच वाटेल. हे लमेत्रने लिहिलं. आणि छापायला देण्याआधी खोडलं.

का खोडलं? त्याची श्रद्धा कमी झाली होती का? मुळीच नाही. तो मरेपर्यंत पाद्री राहिला. त्याच्या पुढच्या वागण्यावरून मला जे कारण दिसतं ते साधं आहे. 'नेचर'मधल्या त्या पत्रातला युक्तिवाद पुंजभौतिकीचा होता. त्याला त्या परिच्छेदाने बळकटी येत नव्हती आणि तो काढल्याने काही ढासळतही नव्हतं. मग तो तिथे कशाला? आणखी एक बघा. खोडलेल्या परिच्छेदातसुद्धा 'विज्ञानाने देव सिद्ध केला' असं नाहीच. उलट आहे. विज्ञान पडदा धरतं, म्हणजे पलीकडचं दाखवत नाही.

पण लमेत्रने खोडलं म्हणून जगाने थोडंच खोडलं? पाद्रीच सांगतोय की विश्वाला आरंभ आहे, तेव्हा हा बायबलमधला पहिला अध्याय मागच्या दाराने विज्ञानात आणतोय, असा संशय त्याच्यावर कायम राहिला. सोव्हिएत रशियात तर याला राजकीय वळण लागलं. 1947 च्या जूनमध्ये आंद्रेई झ्दानोव्ह या बड्या नेत्याने तत्त्वज्ञांपुढे भाषण केलं आणि विश्वाला वय आहे म्हणणाऱ्या पाश्चात्य शास्त्रज्ञांवर तोंडसुख घेतलं. कारण? द्रव्य अनादि-अनंत आहे हे त्यांच्या तत्त्वज्ञानात आधीच ठरलेलं. आकाशाकडे न बघता आकाशाबद्दल निकाल लागला होता.

इंग्लंडमध्ये 1948 साली फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी आरंभ नसलेलं विश्व मांडलं. स्थिर स्थिती सिद्धांत. विश्व प्रसरण पावतं हे मान्य, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत थोडं थोडं नवं द्रव्य सतत तयार होत राहतं, त्यामुळे विश्वाचं रूप सर्वकाळ सारखंच. हे द्रव्य इतकं थोडं की प्रयोगशाळेत मोजायची सोय नाही. 'बिग बँग' हे नावही हॉइलचंच, 28 मार्च 1949 च्या बीबीसी रेडिओवरच्या भाषणातलं. तो टोमणा होता की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र यावं म्हणून वापरलेला शब्द, यावर वाद आहे. हॉइल स्वतः टोमणा नव्हता असं सांगत. पण त्यांना धर्माचं प्रेम नव्हतं हे नक्की. 1950 च्या रेडिओ भाषणमालेच्या शेवटी त्यांनी ख्रिस्ती धर्मावर उघड टीका केली, आणि त्यावर बराच गदारोळ झाला.

आता या पार्श्वभूमीवर 22 नोव्हेंबर 1951 चा दिवस बघा. पोप बारावे पायस व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे बोलले. आजचं विज्ञान कोट्यवधी वर्षं मागे जाऊन त्या आदिम 'प्रकाश होवो'चं साक्षीदार झालं आहे, असा त्यांचा सूर. म्हणजे सृष्टी निर्माण झाली, म्हणजे निर्माता आहे. पोपनी यात अटी घातल्या होत्या, शेवटचा पुरावा विज्ञान देऊ शकत नाही हेही म्हटलं होतं. पण तुम्हाला वर्तमानपत्रं माहीत आहेत. अटी छापून येत नाहीत, मथळे छापून येतात.

लमेत्र त्या अकादमीचा 1936 पासून सदस्य. त्याला आनंद व्हायला हवा होता, नाही का? प्रत्यक्ष पोप त्याच्या सिद्धांताची पाठराखण करताहेत. त्याला काळजी लागली. आणि ही काळजी व्यावहारिक होती. त्या काळी हबलच्या आकड्यांवरून विश्वाचं वय काढलं तर ते 200 कोटी वर्षांहून कमी यायचं, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघत होते! आई लेकीपेक्षा लहान. म्हणजे महास्फोटाचा सिद्धांत तेव्हा चांगलाच अडचणीत होता. अशा डगमगत्या खांबाला तुम्ही देव बांधलात, आणि उद्या खांब पडला, तर लोक काय म्हणतील?

पुढच्या वर्षी, सप्टेंबर 1952 मध्ये, आंतरराष्ट्रीय खगोल संघाचं अधिवेशन रोमलाच होतं आणि पोप तिथे बोलणार होते. त्याआधी लमेत्र रोममध्ये थांबला आणि व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख फादर ओकॉनेल यांच्याशी त्याने याबाबत बोलणं केलं. पुढे काय झालं? पोपनी अधिवेशनात खगोलशास्त्राची भरभरून स्तुती केली, पण विश्वाच्या आरंभावरून निर्मात्याचा पुरावा काढण्याचा सूर पुन्हा लावला नाही. हा लमेत्रच्या शब्दाचा परिणाम, असा इतिहासकारांचा कयास आहे. आणि योगायोग पाहा, याच रोमच्या अधिवेशनात वॉल्टर बाडे यांनी दाखवून दिलं की दीर्घिकांची अंतरं मोजण्यात चूक होती, ती दुप्पट हवीत. अंतरं दुप्पट म्हणजे विश्वाचं वयही दुप्पट. ते काम दुर्बिणीने केलं, धर्मपीठाने नव्हे आणि पक्षानेही नव्हे.

1958 च्या सॉल्व्हे परिषदेत लमेत्रने हे एकदाचं जाहीर सांगून टाकलं. माझा सिद्धांत धर्माच्या आणि अध्यात्माच्या प्रश्नांबाहेरचा आहे. ज्याला ईश्वर नाकारायचा त्याला तो नाकारायची मोकळीक ठेवतो. आणि श्रद्धाळूला देवाशी सलगी दाखवायची संधी देत नाही. असा त्याच्या म्हणण्याचा सारांश.

आता थोडं थांबून आपण एक तक्ता करू. कागद असेल तर काढा. उभी एक रेघ, आडवी एक रेघ. चार खाने. वर लिहा : आरंभ आहे, आरंभ नाही. बाजूला लिहा : कर्ता आहे, कर्ता नाही. आपल्या शिक्षकांना आणि त्यांच्या मुलाला वाटतं की यातला पहिला प्रश्न सुटला की दुसरा आपोआप सुटतो. बघू या, इतिहासात कुठला खाना रिकामा आहे का.

आरंभ आहे आणि कर्ता आहे : 1951 चे पोप, आणि आपले शिक्षक. हा खाना भरला.

आरंभ नाही आणि कर्ता नाही : हॉइल. पण हॉइलच कशाला? आपल्याकडे या. सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट. वेद प्रमाण मानणारे, यज्ञाचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांना जगाचा निर्माता मान्य नव्हता. त्यांचे प्रश्न बघा किती रोखठोक : निर्मात्याला शरीर होतं का? नसेल तर त्याला इच्छा कशी झाली? करुणेपोटी जग केलं म्हणता, तर जग नव्हतं तेव्हा करुणा करायला होतं कोण? आणि करुणाच होती तर सगळं सुखाचंच का नाही केलं? जैन परंपरेतही हेच. नवव्या शतकात जिनसेनांनी 'आदिपुराणा'त सृष्टिकर्त्याची कल्पना खोडून काढली. हे जिनसेन राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू. ज्या घराण्याच्या काळात आपल्या वेरूळचं कैलास लेणं कोरलं गेलं, तेच हे घराणं. कुमारिल काय, जिनसेन काय, कुणीही अधार्मिक नाही. हाही खाना भरला.

आरंभ नाही, तरी कर्ता आहे : हा खाना लोकांना चमत्कारिक वाटतो. पण नैयायिक उदयनाचार्य इथेच बसतात. दहाव्या-अकराव्या शतकातले, मिथिलेचे. त्यांचा 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथ ईश्वर सिद्ध करण्यासाठीच आहे. घट आहे म्हणजे कुंभार आहे. तसं पृथ्वी, अंकुर ही कार्यं आहेत म्हणजे त्यांना कर्ता आहे, असं हे अनुमान. पण याच परंपरेत सृष्टी आणि प्रलयाचा फेरा अनादि आहे. अगदी पहिला दिवस कुठे नाहीच, तरी प्रत्येक फेऱ्याला ईश्वर हवा! युरोपात तेराव्या शतकात थॉमस ॲक्वायनस यांनीही जवळचीच गोष्ट सांगितली. जगाला आरंभ होता हे ते श्रद्धेने मानत, पण बुद्धीने सिद्ध करता येत नाही असं त्यांचं ठाम मत. आणि जग अनादि असतं तरी ते ईश्वरावर अवलंबूनच असतं. मी सोपा दाखला देतो. समजा, देवघरातला नंदादीप अनादि काळापासून तेवतोय. त्याचा उजेडही अनादि. पण म्हणून उजेड दिव्यावाचून आहे का? अवलंबून असणं वेगळं आणि नंतर सुरू होणं वेगळं.

चौथा खाना : आरंभ आहे, पण कर्ता लागत नाही. इथे स्टीफन हॉकिंग. त्यांनी जेम्स हार्टल यांच्यासह 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानात विश्वाचा भूतकाळ अनंत नाही, पण त्याला काठही नाही. दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेला काय, हा प्रश्न जसा विचारता येत नाही, तसा विश्वाच्या आधी काय हाही नाही. हॉकिंग यांचं म्हणणं, मग निर्मात्याला काम काय उरलं? आणि गंमत म्हणजे ही कल्पना त्यांनी प्रथम मांडली 1981 मध्ये, व्हॅटिकनच्याच परिषदेत.

चारही खाने भरले. आणि भरणारे सगळे शहाणे लोक आहेत. यावरून एवढं तरी दिसतं की 'आरंभ आहे का' आणि 'कर्ता आहे का' हे दोन प्रश्न आहेत, एक नाही. पहिल्याचं उत्तर दुर्बिणीतून आणि गणितातून शोधता येतं. दुसरा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे : जे आहे ते स्वतःच्या बळावर आहे, की आणखी कशावर अवलंबून आहे? त्यावर युक्तिवाद करता येतो, आणि आपल्या पूर्वजांनी हजार वर्षं तो केला; पण त्याला विश्वाच्या वयाचा आकडा पुरत नाही.

आता कुणी म्हणेल, मग पहिल्या प्रश्नाशी तरी प्रामाणिक कसं राहायचं? त्यासाठी आपल्याच माणसाचं उदाहरण देतो. जयंत नारळीकर. कोल्हापूरचा जन्म, बनारसला शिक्षण, पुढे केंब्रिजला हॉइल यांचे विद्यार्थी, आणि पुण्याच्या आयुकाचे संस्थापक संचालक. 1964-65 मध्ये अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशात सगळीकडून सारखीच येणारी सूक्ष्मलहरींची मंद कुरबुर सापडली. आधी त्यांनी अँटेनात घरटं केलेल्या कबुतरांची घाण साफ करून पाहिली, कुरबुर जाईना! ते विश्वाच्या तप्त बालपणाचं उरलेलं प्रारण होतं. स्थिर स्थितीला तो मोठा धक्का होता. बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. 1993 मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सुधारित सिद्धांत मांडला. तो बहुसंख्यांना पटला नाही. पण त्यांचा आक्षेप काय होता? शून्य क्षणी सगळं द्रव्य एकदम प्रकट होतं म्हणता, तिथे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम लागू पडत नाही, आणि तो क्षण भौतिकशास्त्राला तपासताच येत नाही. मग त्याला विज्ञान कसं म्हणायचं? हा आक्षेप भौतिकशास्त्राचा आहे. त्याचं उत्तर भौतिकशास्त्रानेच द्यायला हवं. बाजू अल्पमतात गेली तरी त्यांनी वाद निरीक्षणं आणि समीकरणं यांच्याच मैदानात केला. 2025 साली ते गेले, तोवर.

आणि त्या आक्षेपात एक गोष्ट आजही खरी आहे. विश्वाचं वय आज आपण सुमारे 1380 कोटी वर्षं सांगतो. म्हणजे तेवढं मागे गेलं की विश्व अतिशय दाट आणि तप्त होतं, इथवर पुरावा भक्कम आहे. पण अगदी शून्यापाशी आपली समीकरणं मोडतात. तिथे खरोखर पहिला क्षण होता, की आणखी काही, हे अजून ठरलेलं नाही. तेव्हा मुलाने 'सिद्ध झालं' म्हणणं आणि बापाने 'सिद्ध झालं' म्हणणं, दोन्ही थोडं घाईचंच.

लमेत्र 20 जून 1966 ला वारला. शेवटच्या आजारपणात, मृत्यूच्या थोडेच दिवस आधी, त्याच्या सहकाऱ्याने त्याला त्या प्रारणाच्या शोधाची बातमी सांगितली. आपण बरोबर होतो हे त्याला कळलं. त्याने 1931 मध्ये तो परिच्छेद ठेवला असता, तर त्या दिवशी बरोबर नक्की कोण ठरलं, शास्त्रज्ञ की पाद्री, याचा घोळ आजपर्यंत चालला असता.

त्या शिक्षकांना मी आज काय सांगेन? सर, मुलाला फोन करा. त्याला म्हणा, तुझा महास्फोट मला मान्य आहे, जेवढा सिद्ध झालाय तेवढा. त्याने माझा देव येतही नाही आणि जातही नाही. देवाबद्दल आपण वेगळं बोलू, कुमारिल आणि उदयन बोलले तसं, आणि त्यासाठी एक दिवाळी पुरणार नाही. मुलगा ऐकेल का, मला माहीत नाही. पण निदान दोघं एकाच प्रश्नावर भांडतील. आत्तापर्यंत ते दोन वेगळ्या प्रश्नांवर भांडत होते.

वेळ थोडा उरलाय. प्रश्न घेऊ या.